उलटे इंजिन

फेब्रुवारी १९२९ मध्ये बंगालचे गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन यांच्या हस्ते कोलकात्याच्या डमडम विमानतळावर बंगाल फ्लाइंग क्लबचे उद्घाटन झाले. त्या काळी आपल्याकडील अशा क्लबांत नवशिक्यांच्या हाती पडे ते डी हॅविलँड कंपनीचे ‘मॉथ’ विमान. हे विमान क्लबांच्या आवाक्यात आले ते त्याच्या साध्या इंजिनामुळे.

पहिल्या महायुद्धातील आठ सिलिंडरांच्या रेनॉ जातीच्या इंजिनाचे जणू दोन भाग करून फ्रँक हॅलफर्ड यांनी १९२५ साली चार सिलिंडरांचे ‘सिरस’ सिद्ध केले. १९२७ साली त्यांनीच ‘जिप्सी’ घडविले. चार सिलिंडर एकामागे एक, आणि त्यांना थंड करी ती समोरून येणारी हवा. पाणी नाही, रेडिएटर नाही. म्हणून वजन कमी.

परंतु उभ्या सिलिंडरांची रांग वैमानिकाची दृष्टी अडवी. तेव्हा हॅलफर्ड यांनी इंजिनच उलटे केले : क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. समोरचे दिसू लागले आणि पंखाही जमिनीपासून उंच राहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ज्या ‘पुस मॉथ’मधून कराचीहून मुंबईस टपाल आणले, त्यात असेच १२० अश्वशक्तीचे ‘जिप्सी-३’ होते.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते. विमान उभे असता तेल खालच्या सिलिंडरांत झिरपते. तेल दाबले जात नाही. दट्ट्या त्यावर आदळला तर त्याचा दांडा वाकतो. म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी, ठिणगी बंद ठेवून, पंखा हाताने सावकाश फिरवून पाहतात. तो अडला, की आधी तेल काढायचे, मगच उड्डाण.