पट्ट्यावर कोणाचं नाव?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बायांचा विषय निघाला की शहरातली माणसं हळहळतात, "तिथवर कायदा पोचतो कुठे?" हा पहिला गैरसमज. देशाचा एक मोठा कायदा बदलला तो याच मुलखातल्या एका खटल्यामुळे.

२६ मार्च १९७२. गाव देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. घरच्यांच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेल्या एका कोवळ्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच होती, असा त्या निकालाचा अर्थ निघाला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बाया देशभर रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखतात. ती ओळख तिने मागितली नव्हती, म्हणून इथे तिचं नाव घेत नाही.

दुसरा समज याच्या अगदी उलटा: "आदिवासींमध्ये बाई मोकळीच असते." हे अर्धं खरं आहे, म्हणून खोडायला अवघड. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे इथे ९६१ मुली, राज्यात ८९४. गोंड-माडियांमध्ये मुलीच्या बापाला हुंड्याची धास्ती नाही. रीत आहे ती वराकडच्यांनी देण्याची. सुशिक्षित म्हणवणाऱ्या जिल्ह्यांनी हे इथून शिकावं. पण त्याच जनगणनेत गडचिरोलीतले ८२ टक्के पुरुष साक्षर होते आणि बाया ६६ टक्के.

आणि गावाच्या कडेला कुर्मा घर असतं. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या अनेक गावांत पाळी आलेल्या बाईने चार-पाच दिवस तिथे राहायचं. बुटकी मातीची झोपडी, वर गवत किंवा कौलं, खिडकी बहुधा नाहीच. पावसाळ्यात जमीन ओली, रात्री सापाविंचवाची भीती. जेवण घरून येतं, पण आणणारी ते लांब ठेवून जाते. विहिरीवर जायचं नाही, चुलीला शिवायचं नाही. कुणी म्हणतं, तेवढीच बाईला विश्रांती. विश्रांतीच द्यायची तर ती घरात, तिच्या स्वतःच्या खाटेवर का मिळू नये? अलीकडे काही संस्थांनी पक्की, न्हाणी-संडास असलेली कुर्मा घरं बांधून दिली. आजच्या रात्री जीव सुरक्षित राहावा म्हणून ती हवीतच. पण भिंतींबरोबर प्रथाही पक्की होईल, ही भीती माझ्या मनातून जात नाही.

पाळीबद्दल बोलायचं नाही, तर दुखण्याबद्दलही बोलायचं नाही. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, असं सरकारही धरून चाललं होतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होता. त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के.

"दारूबंदी हा बायांचा हट्ट होता आणि तो फसला," हेही वरचेवर ऐकू येतं. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरासाठी डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. चोरटी विक्री वाढली, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. चोरटी विक्री थांबवणं हे काम सरकारचं होतं, मोर्च्यातल्या बायांचं नव्हे.

आता सर्वांत खोल रुतलेला समज: "जमीन पुरुषाचीच." हिंदू वारसा कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये दिला. पण हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. गोंड, माडिया लेकीचा वाटा रूढीवर अवलंबून राहतो आणि रूढी काय ते बहुधा पुरुष सांगतात. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर केवळ बाई म्हणून तिचा वाटा नाकारता येत नाही. हा निकाल मोठा आहे, पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

वनहक्काच्या जमिनीला तीही गरज नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे लग्न झालेल्यांचा वैयक्तिक पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावेच व्हायचा असतो आणि बाई एकटी कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे. ही कुणाची मेहेरबानी नाही. तरी "पट्टा माझ्या नवऱ्याचा" असं सांगणाऱ्या बाया गावोगाव भेटतात. मे महिन्यात उजाडायच्या आत याच बाया जंगलात असतात. दुपारी दाराशी बसून सत्तर पानं मोजून तेंदूचा एकेक पुडा बांधतात. मोहफूल वेचणं, सरपण आणणं हेही त्यांचंच काम. जंगल पावलापावलाने ओळखतात त्या, आणि कागद मात्र नवऱ्याच्या पेटीत.

ग्रामसभेतही तेच. वनहक्काच्या सभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, असा नियम आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एका बाईचा नकारसुद्धा ऐकावा लागतो. याउलट अनेक गावांत नोंदवही घरोघरी फिरते आणि बाया सभेला न जाताच 'हजर' होतात. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत; पण "सरपंचपती" हा शब्द अजून रुळलेलाच आहे.

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या गावात ती होत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, विचारा. आणि आज घरी गेलात की पेटीतला पट्टा बाहेर काढा. त्यावर बायकोचं नाव नसेल, तर पुढच्या सभेत दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.