चाक थांबलं, सायकल कुठं थांबली?

मुलांनो, सायकल जोरात पळवायची आणि मागचा ब्रेक एकदम करकचून दाबायचा, हा खेळ तुम्ही नक्की खेळला असाल. चाक जागच्या जागी अडकतं, टायर कर्रर्र करत फरफटतो आणि रस्त्यावर काळी रेघ उमटते. कुणाची रेघ लांब, यावर पैजाही लागतात. (नव्या टायरचे पैसे कोण देतं, ते तूर्त बाजूला ठेवू.) आता मला सांगा, रेघ उमटत होती तेव्हा चाक फिरत होतं का? नाही. मग सायकल थांबली होती का? तीही नाही!

चाक थांबणं वेगळं आणि गाडी थांबणं वेगळं. इथं मोठ्या माणसांचाही घोटाळा होतो. ब्रेक धरतो तो फक्त चाकाला. गाडीला थांबवतो तो रस्ता, आणि तोही टायरला धरून. टायरची रस्त्यावरची पकड सुटली, की ब्रेक कितीही दाबा, गाडी आपली पुढं जातच राहते.

ही पकड सुटते कशी? घरातलं लोखंडी कपाट आठवा. जागचं हलवायला दोघं लागतात, पण एकदा सरकू लागलं की एकटी आईसुद्धा ढकलत नेते. दोन वस्तू एकमेकींवर स्थिर टेकलेल्या असताना घर्षण जास्त मिळतं, घसरू लागल्या की कमी होतं.

‘‘पण फिरणारं चाक स्थिर कसं?’’ वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी योग्य आहे. त्यासाठी स्वतःच्या पावलांकडं पाहा. चालताना तुम्ही पुढं जाता, पण जमिनीला टेकलेलं पाऊल त्या क्षणी जागेवरच असतं. मग ते उचलतं, दुसरं टेकतं. फिरणारा टायरही असाच रस्त्यावर ‘चालत’ असतो! त्याचा टेकलेला भाग क्षणभर तिथंच असतो आणि मग उचलला जातो. चाक अडकलं की हे चालणं संपतं आणि शेवाळावरून पाय सटकावा तसा टायर सटकतो. सटकणाऱ्या चाकाला वळताही येत नाही. स्टिअरिंग फिरवा, हँडल फिरवा, गाडी जिकडं चालली होती तिकडंच जाते.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. गुळगुळीत फळी तिरकी लावा. खेळण्यातल्या मोटारीची पुढची दोन चाकं कागदाची घडी खुपसून अडकवा आणि ती वरून सोडा. मोटार सरळ घसरत खाली येईल. (आलीच नाही, तर फळी आणखी तिरकी करा.) आता पुढची चाकं मोकळी करून मागची अडकवा आणि पुन्हा सोडा. काय होतं ते मी सांगत नाही. मात्र ते पाहिल्यावर, ओल्या रस्त्यावर मागचं चाक अडकलेली मोटारसायकल आडवी का होते, ते चटकन कळेल.

आपल्या नवी मुंबईत हे सगळं जूनमध्ये खरं होतं. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि साचलेली धूळ पहिल्या सरींत भिजते, आणि पामबीच रोड असो की शीव-पनवेल महामार्ग, रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अशा वेळी समोर एखादं कुत्रं आडवं आलं, की चालवणारा घाबरून सगळा जोर ब्रेकवर टाकतो. दोष त्याचा नाही, कुणीही तेच करेल.

याच क्षणासाठी ए.बी.एस., म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम आहे. अँटी-लॉक म्हणजे चाक अडकू न देणारी. चाकाजवळ दात्यांची किंवा खाचांची एक कडी असते. शेजारचा सेन्सर, कडीचे दाते किती भरभर सरकतात ते मोजत राहतो आणि छोट्या संगणकाला कळवतो. गाडीच्या मानानं एखादं चाक फारच झपाट्यानं मंदावलं, की संगणक ओळखतो, हे आता अडकणार! लगेच तो एक व्हॉल्व्ह उघडतो, ब्रेक ऑइलचा दाब कमी होतो, ब्रेक सैलावतो आणि चाक पुन्हा फिरू लागतं. फिरलं की दाब परत वाढतो. संक्रांतीला पतंग उडवताना काय करता? मांजा तुटेल असं वाटलं की ढील, सावरला की पुन्हा खेच. ए.बी.एस. हेच ढील-खेच सेकंदाला दहा-पंधरा वेळा करते. आपल्या पायाला ते साधणं शक्य नाही.

ही युक्ती आली कुठून? विमानांकडून! विमान धावपट्टीवर टेकतं तेव्हा वेग ताशी दोन-अडीचशे किलोमीटर असतो. तिथं चाक अडकलं तर टायर घासून फुटायलाही वेळ लागत नाही. म्हणून १९५० च्या दशकात इंग्लंडच्या डनलॉप कंपनीचं ‘मॅक्सारेट’ नावाचं यंत्र विमानांना लागलं. त्यात संगणक नव्हता. चाकाबरोबर फिरणारं एक जड चक्र होतं. चाक अचानक मंदावलं तरी हे चक्र आपल्याच वेगात पुढं फिरायचं, आणि त्या फरकानं व्हॉल्व्ह उघडायचा. मला तर ही कल्पना संगणकापेक्षा जास्त आवडते! १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. मर्सिडीज मोटारीत आली. आपल्या नव्या विमानतळावर डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उतरू लागली. त्यांच्या चाकांनाही याच जातीची यंत्रणा असते.

भारतात नव्या मोटारींना आणि १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींना ए.बी.एस. सक्तीची झाली ती एप्रिल २०१८ आणि एप्रिल २०१९ अशा दोन टप्प्यांत. पण काही मोटारसायकलींत ती फक्त पुढच्या चाकाला असते, मागचं चाक अडकू शकतंच. आपल्या बाइकला कोणती आहे ते बाबांना विचारा.

पालकांसाठीही दोन शब्द. जुन्या मोटारीवर शिकलेल्यांना ‘ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा’ असं शिकवलेलं असतं. ए.बी.एस. असलेल्या मोटारीत तसं करू नये. संकटात ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि स्टिअरिंगनं बाजूला वळावं. तेव्हा पायाखाली थरथर जाणवते, कट-कट आवाज येतो. ब्रेक बिघडला असं वाटून नेमक्या त्याच वेळी पाय उचलू नका. ती यंत्रणा काम करते आहे! समोरचा ए.बी.एस.चा पिवळा दिवा मात्र गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. तो जळतच राहिला तर साधा ब्रेक बहुधा लागेल, पण ढील-खेच होणार नाही. गॅरेज गाठा.

आणि ए.बी.एस. काही जादू करत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच आपले दोन वर्ग मागं पडतात! वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. सुट्या खडीवर तर ए.बी.एस.ची गाडी कधी कधी जास्तच लांब जाऊन थांबते.

आईच्या स्कूटरला बहुधा ए.बी.एस. नसेल. लहान गाड्यांना त्याऐवजी जोड-ब्रेक चालतो. डावा ब्रेक दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागतात, पण चाक अडकणं तो ओळखत नाही. म्हणून पावसात स्कूटरवर दोन्ही ब्रेक एकदम आवळू नयेत, एकसारखे, हळूहळू दाबत न्यावेत, आणि पुढच्या बसपासून नेहमीपेक्षा बरंच लांब राहावं. मागं बसलेल्यानं फक्त घट्ट धरून बसायचं, आणि हेल्मेट त्यानंही घालायचं, बरं का!