‘पासून’चा घोटाळा

बंगळूरच्या दक्षिण भागात लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी जे. पी. नगर ही वसाहत आहे. सरकारी नोकरीत बदली होऊन मी २०१९ साली येथे राहावयास आलो. संध्याकाळी बागेतल्या बाकावर चार माणसे भेटतात. कोणी धारवाडकडचा, कोणी कानपूरचा, कोणी आपल्या सांगलीचा. प्रत्येकाची घरची भाषा निराळी, तेव्हा बोलणे इंग्रजीत सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपण येथे केव्हापासून आहात? त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’

वाक्य सर्वांना समजते. कोणाचे काही अडत नाही. परंतु इंग्रजीच्या व्याकरणाप्रमाणे ह्या एका लहानशा वाक्यात दोन चुका आहेत. एक क्रियापदात, दुसरी ‘सिन्स’ ह्या शब्दात. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे म्हणावयास हवे. निरनिराळ्या प्रांतांतली, चांगली शिकलेली माणसे नेमक्या ह्याच दोन ठिकाणी का अडखळतात, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. त्याचे उत्तर इंग्रजीच्या पुस्तकात नव्हे, तर आपापल्या मातृभाषेत सापडते, असे माझे मत झाले आहे.

प्रथम ‘सिन्स’कडे पाहू. एखादी गोष्ट ज्या क्षणी सुरू झाली, तो क्षण सांगावयाचा असेल तर इंग्रजी माणूस ‘सिन्स’ म्हणतो : सिन्स मंडे, सिन्स २०१९. ती गोष्ट किती काळ चालली आहे, त्या काळाचे माप सांगावयाचे असेल तर तो ‘फॉर’ म्हणतो : फॉर फोर डेज, फॉर फाइव्ह इयर्स. आरंभाचा बिंदू निराळा, आणि त्यापासून आजपर्यंतची लांबी निराळी. आता आमच्या बाकावरच्या मंडळींच्या भाषा पाहा. हिंदीत ‘सोमवार से’ आणि ‘पाँच साल से’. दोन्हीकडे एकच ‘से’. कानडीत ‘सोमवारदिंद’ आणि ‘ऐदु वर्षदिंद’. दोन्हीकडे एकच ‘इंद’. आपणही ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो. तीन भाषांची माणसे तीन वाटांनी चालत येतात आणि एकाच खड्ड्यात पडतात.

पण श्रोतेहो, येथे मराठी माणसाने क्षणभर थांबावे. आपली आजी ‘पाच वर्षांपासून’ म्हणत असे काय? आठवून पाहा. ‘गेली पाच वर्षे मी येथे राहते आहे’, ‘गेले चार दिवस त्याला ताप आहे’, ‘आज महिना झाला, पत्र नाही’, अशीच तिची भाषा होती. ‘पासून’ ती राखून ठेवी ते निश्चित आरंभासाठी : ‘दसऱ्यापासून’, ‘लग्न झाल्यापासून’. म्हणजे बिंदू आणि लांबी यांतला जो भेद इंग्रजी करते, तो जुन्या वळणाच्या मराठीत अगदी स्वच्छ होता. जेथे ‘गेली’ किंवा ‘गेले’ शोभते तेथे ‘फॉर’. जेथे ‘पासून’वाचून गत्यंतर नाही तेथे ‘सिन्स’. ह्याहून सोपा नियम मला कोणत्याही व्याकरणात आढळलेला नाही, आणि तो आपल्या घरातच होता.

आता क्रियापदाकडे वळू. मी येथे अजून राहतो आहे; म्हणून ‘राहतो आहे’ हा वर्तमानकाळ. आपले तर्कशास्त्र बिनचूक आहे. जर्मन माणूसही असेच म्हणतो. त्याच्या ‘झाइट’ ह्या शब्दापुढे चालू गोष्टीसाठी वर्तमानकाळच येतो, आणि तो शब्दही बिंदू व लांबी या दोहोंना एकच असतो. फ्रेंचांच्या ‘दप्वी’चीही तीच तऱ्हा. तेव्हा विक्षिप्त आपण नसून इंग्रजी आहे! ती म्हणते : ही गोष्ट काल सुरू झाली आणि आजवर पोहोचली आहे, तर नुसता वर्तमानकाळ पुरेसा नाही, दोन्ही तीरांना टेकणारा पूल हवा. ‘हॅव बीन’ हा तो पूल होय. आमच्या वसाहतीत रंगशंकरा नावाचे नाट्यगृह आहे. ज्या शंकर नाग यांच्या स्मृत्यर्थ ते उभे राहिले, ते कानडीइतकेच मुंबईच्या मराठी रंगभूमीलाही परिचित होते. ते नाट्यगृह २००४ साली उघडले. तेथे अजून नाटके होतात. तेव्हा ‘हॅज बीन स्टेजिंग प्लेज सिन्स २००४’, अथवा ‘फॉर मोअर दॅन ट्वेंटी इयर्स’. पूल काढून नुसते ‘स्टेज्ड’ म्हटले आणि काळाची लांबी जोडली, तर नाट्यगृहाला कुलूप लागले असे ऐकणाऱ्यास वाटेल.

ही अतिशयोक्ती नव्हे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून असे कुलूप लागले आहे. एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज माझ्यापुढे आला होता. ते त्या पत्त्यावर अकरा वर्षे राहत होते, आणि तेवढे प्रमाणित करून कागद वर पाठवावयाचा होता. ‘इज लिव्हिंग सिन्स’ अशुद्ध, एवढे मला पक्के ठाऊक होते. कारण मी एम. ए. होतो. म्हणून चूक टाळण्यासाठी मी साळसूदपणे लिहिले : ‘द ॲप्लिकंट लिव्ह्ड ॲट धिस ॲड्रेस फॉर इलेव्हन इयर्स.’ व्याकरणात बोट ठेवावयास जागा नव्हती. कागद परत आला. वरच्या कार्यालयाने विचारले होते : तर मग अर्जदार हल्ली कोठे राहतात? माझ्या शुद्ध वाक्याने त्या गृहस्थांना त्यांच्या राहत्या घरातून बाहेर काढले होते. पुन्हा चौकशी, पुन्हा शेरे, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी आमचा जिना कितीदा चढला असेल ते मी मोजले नाही. दोष सर्वस्वी माझा होता. त्यांनी मात्र शेवटी माझेच आभार मानले, आणि ते मला अधिक लागले. बाकावरच्या शेजाऱ्याचे अशुद्ध वाक्य निदान खरे असते. माझे शुद्ध वाक्य खोटे होते.

ह्याच्याच पोटात आणखी एक भेद आहे. ‘आय लिव्ह’ आणि ‘आय ॲम स्टेइंग’ या दोहोंना आपण ‘राहतो’ म्हणून मोकळे होतो. परंतु कायमचे बिऱ्हाड आणि चार दिवसांचा मुक्काम यांत मराठीलाही फरक कळतो. लग्नाला गेलेला पाहुणा ‘मी भावाकडे उतरलो आहे’ असे म्हणतो. जेथे आपण उतरतो तेथे ‘स्टे’; जेथे नांदतो तेथे ‘लिव्ह’. तसेच ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ हे वाक्य. ‘मला दोन मुलगे आहेत’ हे मराठी वाक्य चालू क्रियेचे नाहीच. ते स्थितीचे आहे. इंग्रजीतही स्थितीला चालू क्रियेचा पोशाख चढवीत नाहीत. ‘आय हॅव टू सन्स’ एवढे पुरते. मुंबईचे बेने इस्रायली कवी निस्सिम इझिकेल यांनी ह्या लकबीवर ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’सारख्या कविता रचल्या. त्या वाचून हसू येते ते आपण स्वतःलाच त्यांत ओळखतो म्हणून.

स्थळाच्या बाबतीत मात्र मराठीचा हात सोडावा लागतो. वसाहतीत राहणे ‘इन जे. पी. नगर’, घराचा क्रमांक सांगितला की ‘ॲट’, येथवर आपला ‘त’ आणि आपला ‘पत्त्यावर’ थोडेफार साथ देतात. पण दूरध्वनीवर ‘मी बसमध्ये आहे’ हे सांगताना इंग्रज ‘ऑन द बस’ म्हणतो. आपण ‘बसवर’ म्हटले तर घरची माणसे काळजीत पडतील! जयप्रकाश नगरच्या स्थानकावर मेट्रोत चढलात तर ‘ऑन’, पुढे रिक्षा केलीत तर ‘इन’. ज्या वाहनात उभे राहता व चालता येते तेथे बहुधा ‘ऑन’, आणि जेथे अंग चोरून बसावे लागते तेथे ‘इन’, एवढी खूणगाठ बांधावी.

हे सारे नियम घोकून साधते काय? याच बंगळूरात १९६३ साली दक्षिणेतील राज्यांच्या शिक्षकांसाठी प्रादेशिक इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही शाळांत एक प्रसिद्ध प्रयोग केला. मुलांपुढे व्याकरण न मांडता वेळापत्रके, नकाशे, असली कोडी मांडावयाची. मूल अर्थाच्या मागे लागले की भाषा आपोआप त्याच्या मागे येते, अशी त्यांची धारणा होती. त्या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले. पण माझ्यासारख्या कागद लिहिणाऱ्याने त्यातून एक सवय उचलण्यासारखी आहे. वाक्य लिहिण्यापूर्वी नियम न आठवता परिस्थितीलाच दोन प्रश्न विचारावेत : हे सुरू केव्हा झाले? आणि अजून चालू आहे काय? त्या वेळी हा दुसरा प्रश्न मी विचारला असता, तर एका म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाचले असते.

बाकावरच्या मित्रांचे इंग्रजी मी सुधारीत नाही. गप्पांत त्याची गरज नाही, आणि ते सौजन्याचेही नव्हे. परंतु कागदावर जेव्हा कोणाचे घर, कोणाची नोकरी, कोणाचे आजारपण लिहावयाचे असते, तेव्हा मी ते वाक्य आधी मनातल्या मनात आजीच्या मराठीत म्हणून पाहतो : ‘गेली अकरा वर्षे ते येथे राहत आहेत.’ मग लेखणी उचलतो.