प्लॅस्टिकची तयार बैठक सफाईने लहान कशी करावी?

कापडाच्या व्यापाऱ्याला प्लॅस्टिकशी काय काम, असे वाचकांना वाटेल. हकीकत अशी की, आमच्या श्रीगोंद्याच्या दुकानात लहान मुलांचे कपडे मांडण्यासाठी आम्ही पुण्याच्या बोहरी आळीतून 24 छोट्या बाहुल्या आणल्या. त्यांची बैठक 4 इंच गोल आणि आमची फळी 3 इंच रुंद! चूक आमचीच, माप घेऊन गेलो नव्हतो. घाईने गरम सुरी चालवली आणि 5 बैठका वाया घालवल्या. बाकीच्या एका सुतार कारागिराने वाचवल्या. ट्रॉफी, शोपीस, इमारतींच्या प्रतिकृती विकणाऱ्या बांधवांनाही ही अडचण येते, म्हणून त्याच्याकडून शिकलो ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, प्लॅस्टिकचा शत्रू उष्णता. अशा बैठका बहुधा पॉलिस्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. दोन्ही साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतात. गरम सुरीने कड वितळते, गाठी येतात आणि निघणारा धूर छातीला वाईट. करवत जोरात ओढली तरी घर्षणाने तेच होते.

आता आखणी. बैठक कागदावर ठेवून गोल काढा, कापा आणि कागदाची दोनदा घडी घाला. घड्या जेथे छेदतात तो मध्य. तेथून कंपासने दीड इंचावर रेघ मारा. बाहुलीचे पाय त्या रेघेच्या आत बसतात ना, हे आधी पाहा. नग जास्त असतील तर प्लायवुडचा एक फर्मा करून सर्व त्यावरूनच आखा, म्हणजे माल एकसारखा दिसेल.

कापताना बैठक शिकंजात कापडाची घडी घालून धरा. हॅक्सॉला इंचाला 32 दातांचे पाते लावा. गोल एकदम कापू नका. आधी चौकोन, मग कोपरे उडवून आठ कोन. शिवणीसाठी आपण कापडात माया ठेवतो, तशी रेघेबाहेर अर्धा सूत माया ठेवा. पाते तापले की थांबा.

उरलेली माया कानशीने रेघेपर्यंत आणा. मग वॉटर पेपर सपाट फरशीवर पसरून, पाणी लावून कड त्यावर फिरवा. आधी 120 नंबर, नंतर 240, शेवटी 400. पाण्यामुळे भुकटी उडत नाही आणि कडही तापत नाही. चमक आणण्यासाठी थिनर लावू नये. अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

बैठक खालून पोकळ असेल तर कापल्यावर बाजूची भिंत निघून जाते. तेथे प्लॅस्टिकची पट्टी चिकटवावी. शिवाय लहान बैठकीवर वस्तू कलंडते. आत लोखंडी वायसर इपॉक्सीने चिकटवून वजन वाढवा आणि हाताने हलकेच ढकलून पाहा. ही तपासणी न करता माल विकला तर काच फुटेल गिऱ्हाइकाची आणि नाव जाईल आपले.

शेवटी हिशेबाचे. पहिल्या एका नगाला किती वेळ लागतो ते पाहून कारागिराची मजुरी आधीच ठरवा. नग थोडे असतील तर हे काम परवडते. शेकड्याने असतील तर योग्य मापाच्या बैठकाच मागवाव्यात. आम्ही तर आता खरेदीला निघताना फळीचे माप चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो.