जुनी मोटार : इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

लखनौ हे राजधानीचे शहर. विधान भवन आणि सचिवालयाच्या परिसरात उभ्या असलेल्या पांढऱ्या अँबेसडर गाड्या हे येथील अनेक दशकांचे नित्याचे दृश्य होते. सेवेतून बाद झालेल्या अशा गाड्या खात्यांच्या लिलावात निघत आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारी येत. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील उत्पादन मे २०१४ मध्ये थांबविले. मात्र ज्यांनी ही गाडी अद्याप सांभाळली आहे त्यांचे प्रश्न थांबलेले नाहीत. त्यांतील सर्वांत खर्चिक प्रश्न अर्थातच इंजिनाचा.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक हाच प्रश्न घेऊन आले होते. गाडी १९८६ सालची, पेट्रोलवर चालणारी, वडिलांनी लिलावात घेतलेली. सायलेन्सरमधून निळा धूर येई, उड्डाणपुलाच्या चढावर गाडीचा दम निघे आणि इंजिन ऑइल वारंवार भरावे लागे. लालबागेतील एका कारागिराने सल्ला दिला होता की, जुने इंजिन काढून इसुझूचे बसवावे. त्यासाठी त्यांना वैयक्तिक कर्ज हवे होते. ‘‘मॅनेजरसाहेब, कर्ज द्या किंवा देऊ नका, पण निवृत्तिवेतनातले पैसे कशात घालावेत ते आधी सांगा,’’ असे ते म्हणाले.

इसुझूचा सल्ला निराधार नव्हता. १९९२च्या सुमारास खुद्द कंपनीनेच १४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या बीएमसी इंजिनाऐवजी १८१७ घन सेंटिमीटरचे इसुझू इंजिन अँबेसडरमध्ये आणले. शक्ती सुमारे ५० अश्वशक्तीवरून ७५ पर्यंत गेली. परंतु कंपनीने केवळ इंजिन बदलले नव्हते. त्याबरोबर पाच वेगांचा गिअरबॉक्स आला आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपासून निघून खाली गेला. गल्लीतल्या गॅरेजमध्ये हेच काम करताना माउंटिंग नव्याने जोडावे लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते, रेडिएटर, क्लच आणि वायरिंग यांचाही मेळ घालावा लागतो. ब्रेक मात्र बहुधा जुनेच राहतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला दीडपट शक्तीचे इंजिन लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक स्पष्ट केली. प्रमाणपत्रात १४८९ आणि बॉनेटखाली १८१७ अशी स्थिती असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर आपली बाजू लंगडी पडते. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवायचे असल्यासही परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी घेऊन नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा. गाडीवर कर्ज बाकी असल्यास बँकेची लेखी संमतीही हवी. भंगारातून घेतलेल्या इंजिनाचे बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे मिळत नसतील, तर ते चोरीच्या गाडीतले नाही याची खात्री कोण देणार?

याउलट, इंजिनाचा क्रमांक सामान्यतः ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक वाचला की कागदपत्रेही वाचली! म्हणून प्रथम ब्लॉकची परीक्षा करावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. नंतर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्हचे काम तुलनेने स्वस्त असते, ही गोष्ट कारागीर आपण होऊन सांगतोच असे नाही. बोअर झिजले असल्यास ते मोठे करून इंचाच्या दहा, वीस, तीस सहस्रांशांनी, म्हणजे कारागिरांच्या भाषेत तितक्या ‘थाऊ’ने, मोठे पिस्टन बसवितात. ती मर्यादा संपली असेल तर स्लीव्ह घालून मूळ माप परत आणता येते. बीएमसीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्याने तो हे सारे सोसतो. ब्लॉकला तडा गेला असेल तरच इंजिन बदलण्याचा विचार करावा.

हेड उघडलेच आहे तर आणखी एक काम करून घ्यावे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जुन्या लोखंडी हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटना शिशाचे जे संरक्षण होते, ते त्यामुळे गेले. तेथे कठीण पोलादाच्या सीट बसवून घेणे इष्ट. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. तेव्हा पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलावा.

आता थोडा हिशेब. समजा, गाडी वर्षाला ३,००० किलोमीटर चालते. दुरुस्त केलेले जुने इंजिन लिटरला ९ आणि नवे १२ किलोमीटर देते असे धरले, तर वर्षाला सुमारे ८३ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला ९५ रुपये धरल्यास ही बचत होते सुमारे ७,९०० रुपये. बदलाचा खर्च दुरुस्तीपेक्षा ४०,००० रुपयांनी अधिक असेल, तर तो भरून निघण्यास पाच वर्षे लागतील. ही जादा रक्कम १२ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली असेल, तर पहिल्या वर्षीचे व्याजच ४,८०० रुपयांच्या घरात जाते. बचतीतला निम्म्याहून अधिक भाग तेथेच संपला!

हा हिशेब कागदावर मांडून दाखविल्यावर आमच्या ग्राहकांनी लाटूश रोडवरील एका खराद कारखान्यात ब्लॉक तपासून घेतला. तो पूर्वी एकदाच बोअर झालेला निघाला. त्यांनी पिस्टन, रिंगा, बेअरिंगे व व्हॉल्व्ह सीट असे काम करून घेतले. त्यासाठी वैयक्तिक कर्जाऐवजी मुदत ठेवीच्या तारणावर रक्कम घेतली. या कर्जाचा व्याजदर सहसा कमी असतो.

दुरुस्तीचा निर्णय घेताना नोंदणीची मुदतही पाहावी. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची व नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाची असते. ऑगस्ट २०२५ मधील सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. मुदत जवळ आली असेल तर काम आधी पूर्ण करून मगच गाडी ट्रान्सपोर्ट नगर येथील परिवहन कार्यालयात तपासणीस न्यावी. मात्र बोअर केलेल्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर सौम्य वेगाने काढावेत, ओव्हरलोड टाळावा आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. मे-जूनच्या लूमध्ये हे काम काढू नये. ऑक्टोबरनंतरचे दिवस त्यासाठी बरे.