कोनशिलेवर नाव नसलेले अभियंते: कामाचा गौरव कसा होतो आणि त्यात आपण कुठे आहोत?

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. सरकारी खात्यांत कार्यक्रम होतात, उत्कृष्ट अभियंत्यांचे सत्कार होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतात. आपल्या समाजातही आज बांधकाम, पाटबंधारे, वीज, रेल्वे, दूरसंचार, संगणक अशा सगळ्या क्षेत्रांत अभियंत्यांची दुसरी-तिसरी पिढी काम करते आहे. पण या गौरवाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आपल्याला कोण देणार पुरस्कार?" आणि "पुरस्कार मिळून तरी काय होणार?"

पहिल्या वाक्यामागे अनुभव आहे, दुसऱ्यामागे वैताग आहे. दोन्ही आम्हाला समजतात. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे आपल्या माणसांच्या कामाची नोंदच होत नाही. आणि मग "आरक्षणातून आलेल्यांनी केले काय?" असा प्रश्न कोणी विचारला की आपल्याकडे रागाशिवाय दाखवायला काही उरत नाही. म्हणून अभियांत्रिकीतल्या कामाचा गौरव कोणत्या पद्धतीने होतो, त्यात अडचणी कुठे आहेत आणि तरुण कार्यकर्त्यांना काय करता येईल, हे या लेखात सविस्तर पाहू.

लेण्यांनी कारागिरांची नावे जपली

कामाच्या नोंदीची परंपरा आपल्याला नवीन नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यात दानशूर व्यापाऱ्यांची, भिक्षूंची नावे आहेत, तसे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. दाराचे काम त्याने केले, असे तो लेख सांगतो. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. सांचीच्या तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, हेही दगडातच लिहिलेले आहे. कान्हेरीला डोंगरावरचे पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत आणि ती कोणी दान दिली, याचेही लेख आहेत.

राजा, व्यापारी, भिक्खुणी आणि सुतार यांची नावे एकाच वास्तूवर यावीत, ही साधी गोष्ट नाही. आजच्या एखाद्या पुलाची किंवा धरणाची कोनशिला आठवून पाहा. उद्घाटन करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात, प्रमुख पाहुण्यांची नावे त्याखाली. पायाचे गणित मांडणाऱ्या, भर पावसात साइटवर उभे राहणाऱ्या अभियंत्याचे नाव बहुतेक वेळा नसते. गवंड्याचे, फिटरचे नाव असण्याचा तर प्रश्नच नाही.

कागद टिकला म्हणून इतिहास कळला

नोंदीचे महत्त्व समजण्यासाठी बाबासाहेबांच्याच कार्याचे उदाहरण घेऊ. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. त्यानंतर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी योजना आकाराला आली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या प्रकल्पाचा नमुना समोर होता आणि त्या प्रकल्पाचे अनुभवी अभियंता वूर्डुइन यांना इकडे आणले गेले. बंगाल, बिहार आणि केंद्र यांना एका टेबलाभोवती बसवणाऱ्या १९४५ च्या कलकत्त्यातील बैठकांचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. त्याच वर्षी केंद्रीय पातळीवर पाण्याची तांत्रिक संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष ए. एन. खोसला हे नामवंत अभियंता होते. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

बाबासाहेब अभियंता नव्हते. आराखडे खोसला, वूर्डुइन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी केले. पण नदीखोऱ्याचा एकत्रित विचार करायचा, त्यासाठी कायमची तांत्रिक यंत्रणा उभी करायची, हे धोरण त्यांच्या खात्यात घडले. तरीही पुढची कित्येक दशके धरणांच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येत असे. केंद्रीय जल आयोगानेच १९९३ मध्ये या योगदानावर पुस्तक काढले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने १४ एप्रिल हा जलदिवस म्हणून पाळण्याचे जाहीर केले.

बाबासाहेबांसारख्या महामानवाच्या कामाची दखल घ्यायला जवळजवळ अर्धे शतक लागले. तीही घेता आली, कारण बैठकांची इतिवृत्ते, टिपणे आणि भाषणे जपली गेली होती. ज्याच्या कामाचा कागदच नाही, त्याची दखल शंभर वर्षांनीही घेतली जाणार नाही.

१९४२ मध्येच व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळावे, त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी केली होती. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आजचा आपला अभियंता त्या मागणीचे फळ आहे.

गौरवाच्या तीन पायऱ्या

अभियंत्याच्या कामाची दखल साधारण तीन पातळ्यांवर घेतली जाते.

पहिली पायरी व्यावसायिक संस्थेची. 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' ही संस्था १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. शिक्षण आणि अनुभव पाहून येथे असोसिएट मेंबर, मेंबर, फेलो अशी श्रेणी मिळते. 'चार्टर्ड इंजिनिअर' ही ओळखही येथूनच मिळते. हा पुरस्कार नाही, पण तुमच्या अनुभवाची व्यवसायाने घेतलेली ती अधिकृत नोंद असते.

दुसरी पायरी तज्ज्ञांनी तज्ज्ञांना ओळखण्याची. १९८७ मध्ये स्थापन झालेली 'इंडियन नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग' नामवंत अभियंत्यांना फेलो म्हणून निवडते. तरुण अभियंते आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांच्यासाठीही तिच्या योजना आहेत. येथे कळीचा मुद्दा नामांकनाचा असतो. आधीच आत असलेल्या व्यक्तीने तुमचे नाव सुचवावे लागते. उघड नकार कोणी देत नाही. पण ज्यांना नावे सुचवण्याचा अधिकार आहे त्यांच्या ओळखीतच तुम्ही नसाल, तर तुमचे नाव पटलावर येणार कसे? भेदभाव नेहमी दारावर पाटी लावून होत नाही. तो ओळखीपाळखीच्या वर्तुळातूनही होतो.

तिसरी पायरी शासनाच्या सन्मानांची. पद्म पुरस्कार १९५४ पासून दिले जातात आणि त्यात 'विज्ञान व अभियांत्रिकी' हे स्वतंत्र क्षेत्र आहे. विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले आणि त्यातही अभियांत्रिकी विज्ञानाचा समावेश आहे. पद्म पुरस्कारासाठी कोणताही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो, स्वतःचेसुद्धा. अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो आणि कामाचे वर्णन जास्तीत जास्त आठशे शब्दांत द्यायचे असते. मंत्र्याची किंवा आमदाराची शिफारस लागतेच, हा गैरसमज आहे.

सरकारी नोकरीतली अडचण

येथे एक नियम नीट समजून घ्यायला हवा. डॉक्टर आणि वैज्ञानिक वगळता सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांसह, सेवेत असताना पद्म पुरस्कारासाठी पात्र नसतात. आपले बहुसंख्य अभियंते सरकारी खात्यांत, महामंडळांत, रेल्वेत आहेत. म्हणजे त्यांच्यासाठी हे दार निवृत्तीनंतरच उघडते. तोपर्यंत बदल्यांमागून बदल्या होतात, फायली एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात, सोबतचे साक्षीदार पांगतात. तीस वर्षांनी आठशे शब्द लिहायला बसले की तारखासुद्धा आठवत नाहीत.

दुसरा नियम सत्काराचा. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार सेवेतील कर्मचाऱ्याला आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जायचे असेल किंवा मानपत्र स्वीकारायचे असेल, तर पूर्वपरवानगी लागते. निरोप समारंभासारखे खासगी, अनौपचारिक कार्यक्रम त्याला अपवाद आहेत. जयंती मंडळांनी आणि संघटनांनी उत्साहाच्या भरात सेवेतील अभियंत्याला अडचणीत आणू नये. संबंधितांना त्यांच्या खात्याचा नियम आधी विचारावा. आणखी एक गोष्ट. आपली सामाजिक ओळख कार्यालयात जाहीर व्हावी की नाही, हा त्या व्यक्तीचा निर्णय आहे. विचारल्याशिवाय कोणाचेही नाव आणि फोटो फिरवू नये.

'उत्कृष्ट' कशाला म्हणायचे?

परीक्षक साधारण चार गोष्टी पाहतात. प्रश्न किती अवघड होता? त्यात या व्यक्तीचा स्वतःचा वाटा काय? परिणाम मोजता येतो का? आणि तो लोकांच्या किती उपयोगी पडला? विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडकवासला धरणावर बसवलेले स्वयंचलित दरवाजे या चारही कसोट्यांवर उतरतात. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत. त्यामुळे बांधाला धोका न होता जास्त पाणी साठवता आले. त्याच विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरचे दिवाण असताना मागास जातींना नोकऱ्यांत प्रतिनिधित्व देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन पद सोडले, असे इतिहासकार सांगतात. कामाचे मोल मान्य करणे आणि विचारांची चिकित्सा करणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी करता आल्या पाहिजेत.

पण आम्हाला या चार प्रश्नांत पाचवा जोडावासा वाटतो. या कामाने माणसाची प्रतिष्ठा वाढली का? गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. हे मृत्यू कोणाच्या घरात होतात, हे वेगळे सांगायला नको. केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारे 'बँडीकूट' हे यंत्र वापरात आणले. उंच मनोऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, मान अशा यंत्राला मिळायला हवा. वस्तीत नळाचे पाणी पूर्ण दाबाने पोहोचवणारा उपअभियंता, वादळानंतर रात्रभर उभे राहून वाहिनी सुरू करणारा वीज अभियंता, यांचे कामही याच मापाने मोजले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे सत्कार होत नाहीत असे नाही. कोणी परीक्षा पास झाला, नोकरीला लागला, बढती मिळाली की शाल, पुष्पगुच्छ आणि संविधानाची प्रत देऊन सत्कार होतो. तो व्हायलाच हवा. पण हा सत्कार पदाचा असतो. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्या माणसाने काय उभे केले, हे आपण विचारतच नाही. हा क्रम बदलता येईल.

तरुण अभियंत्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कामाची वही ठेवावी. प्रकल्पाचे नाव, तारखा, अडचण काय होती, आपण काय सुचवले, खर्च आणि वेळ किती वाचला, आधीचे आणि नंतरचे फोटो, मिळालेली प्रशस्तिपत्रे. कार्यालयाचे गोपनीय कागद घरी आणू नयेत. स्वतःच्या टिपणांना मात्र कोणाची हरकत नसते. व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व घ्यावे, परिसंवादात एखादा शोधनिबंध वाचावा. वर्तुळाबाहेरच्या माणसाला आत जाण्याचा हाच राजमार्ग आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील निवृत्त अभियंत्यांची यादी करावी आणि त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यातून योग्य वाटणारी नावे पुराव्यांसह राष्ट्रीय पोर्टलवर सुचवावीत. मुदत दरवर्षी बदलू शकते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी. विहारातील वाचनालयात अशा नोंदींची एक फाईल असली, तर दहावीतल्या मुलामुलींना अभियंता कसा असतो ते पुस्तकाबाहेर कळेल.

आणि सावध राहावे. "आपली राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा" असे निरोप अनेकांना येतात. पद्म पुरस्काराच्या नामांकनाला पैसे लागत नाहीत. निवड समिती कोण, निकष कोणते, आधीचे मानकरी कोण, याची उत्तरे न देता पैसे मागणाऱ्या सन्मानाला विकत घेतलेले प्रमाणपत्रच म्हणावे लागेल. त्याने खऱ्या कामाचीही किंमत कमी होते.

सगळ्यांना पुरस्कार मिळणार नाहीत. पद्म पुरस्कारांची संख्याच वर्षाला साधारण १२० पर्यंत मर्यादित असते आणि त्यात सगळी क्षेत्रे येतात. पण नामांकनासाठी गोळा केलेला कागद वाया जात नाही. तो पुढच्या अर्जाला लागतो, बढतीच्या वेळी लागतो, आणि कोणी आपल्या गुणवत्तेवर बोट ठेवले तर समोर ठेवायला लागतो. येत्या अभियंता दिनाला प्रत्येक शाखेने निदान एका अभियंत्याच्या कामाची पूर्ण नोंद तयार ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. कार्ल्याच्या सुताराचे नाव आज आपण वाचू शकतो, कारण कोणीतरी ते कोरण्याचे कष्ट घेतले होते.

जय भीम!