थांब म्हटलं की थांबायचं

उन्हाळ्याच्या सुट्टीत केंदूरला एक आई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीचा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, मनगट सुजून टम्म झालेले. कराटेच्या वर्गात जोडीदाराने हात पिरगाळला तेव्हाच कळ आली होती. पण ती गप्प राहिली. "ओरडले असते तर सर म्हणाले असते, रडायचं असेल तर घरी बस," ती खाली मान घालून म्हणाली. एक्स-रे काढला तर हाडाला चीर निघाली. हात प्लॅस्टरमध्ये गेला.

मला हाडापेक्षा तिच्या त्या वाक्याची काळजी वाटली. हाड जुळून येते. पण स्वसंरक्षण शिकायला पाठवलेली पोर पहिल्याच महिन्यात दुखणे गिळायला शिकली, हे कसे भरून काढायचे?

आज गावोगावी कराटे, ज्युदो, तायक्वांदोचे वर्ग निघाले आहेत. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींना शाळेतच तीन महिन्यांचे आत्मसंरक्षण प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या मुलींनी हे जरूर शिकावे. मात्र वर्ग निवडताना किती पट्टे मिळतात हे विचारण्याआधी तिथले नियम विचारा.

सलामी कशासाठी?

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एशोजी या बुद्धविहारात अवघ्या १२ चटयांवर ज्युदोची शाळा सुरू केली. आपल्याबरोबर जोडीदाराचेही भले, हे त्यांच्या शिकवणीचे एक मुख्य तत्त्व. म्हणूनच ज्युदोत सुरुवातीला आणि शेवटी एकमेकांना वाकून अभिवादन करतात. आपल्या तालमीतही पैलवान सलामी देऊनच भिडतात. अंगाला अंग भिडवणारा हा खेळ आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या समाजाच्या लेकरांसाठी समोरच्याने हातात हात देणे ही साधी गोष्ट नाही. सलामी म्हणजे 'तू माझ्या बरोबरीचा आहेस आणि तुझे शरीर आता माझ्या भरवशावर आहे' अशी कबुली.

त्या भरवशाची खूण म्हणजे टॅप. पकड सहन होईना की जोडीदाराच्या अंगावर किंवा चटईवर हाताने दोन-तीनदा थोपटायचे. हात अडकला असेल तर पाय आपटायचा किंवा तोंडाने 'थांब' म्हणायचे. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. 'आणखी थोडं' चालणार नाही. ज्युदोत गळ्याची पकड असते. ती नीट बसली तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. सांधा उलटा वळवला तर दुखायला लागणे आणि इजा होणे यांत फार अंतर नसते. टॅप करणे म्हणजे हार नव्हे, हे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. लहान मुलांना तर गळ्याची पकड शिकवूच नये.

नखे, दागिने, नायटा

सरावाला जाताना नखे कापलेली हवीत. कानातले, पैंजण, बांगड्या, साखळी, हातातला कडक गंडा घरी काढून ठेवावा. कानातले ओढले जाऊन पाळी फाटलेली मी पाहिली आहे. कपडे रोज धुतलेले हवेत.

तालमीत आणि चटईवर सर्वांत जास्त पसरतो तो नायटा. टॉवेल, लंगोट, कपडे एकमेकांचे वापरू नयेत. सराव संपला की लगेच अंघोळ करावी, अंग कोरडे करावे. चटई रोज जंतुनाशकाने पुसावी. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर डॉक्टर सांगेपर्यंत सराव बंद. मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. अनेक मलमांत स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आत वाढतच राहतो. औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण घ्यावे.

दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा सिकलसेल असेल तर शिक्षकांना आधी सांगा. लपवण्यात शरम राखली जाते, जीव नाही. दम्याचा पंप मुलाच्या पिशवीत असावा. उपाशीपोटी सराव नको. मधेमधे पाणी प्यायला मिळालेच पाहिजे. तहान मारल्याने कोणी कणखर होत नाही. पाळीच्या दिवसांत जमेल तितका सराव करायला हरकत नाही. दुखत असेल तर विश्रांती घ्यायलाही लाजू नये.

लागले तर

डोक्याला मार बसून गरगरले, डोके दुखले, मूल गोंधळले किंवा क्षणभर जरी शुद्ध गेली, तर त्या दिवशी पुन्हा चटईवर उतरवायचे नाही. डॉक्टरांना दाखवायचे. उलटी, वाढती झोप, फिट, बोलण्यात अडखळणे यांपैकी काही दिसले तर लगेच १०८ ला फोन. मानेला मार लागला असेल तर मुलाला हलवू नका, बसवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुरगळले तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा. चोळू नका. निखळलेला सांधा ओढून बसवणाऱ्याकडे नेऊ नका. आधार देऊन तसाच दवाखान्यात न्या. नाकातून रक्त आले तर मान मागे नको, पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरा. कायमचा दात पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा.

पालकांनी पाहायचे ते

डाव शिकवताना शिक्षकांना हात लावावा लागतो. पण कुठे आणि का, हे आधी सांगून, मुलीला विचारून आणि सर्वांसमोर. एकटीला थांबवून घेणे, दार लावून सराव, रात्री खासगी संदेश, हे चालवून घेऊ नका. पालकांना बसून पाहू न देणाऱ्या वर्गात मूल पाठवू नका. शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि २०१२ चा पॉक्सो कायदा मुलांच्या, म्हणजे मुलीच्या आणि मुलाच्याही, बाजूने आहे.

त्या मुलीचा हात बरा झाला. आता ती दुसऱ्या वर्गाला जाते. पहिल्या दिवशी तिची आई सोबत गेली आणि शिक्षकांना एकच प्रश्न विचारला, "माझ्या मुलीने थांब म्हटलं तर इथं थांबतात का?"

वर्गाची फी विचारण्याआधी तुम्हीही हेच विचारा. चटईवर जिचे 'थांब' ऐकले जाते, तीच मुलगी उद्या एसटीत, शेतात, कामाच्या ठिकाणी ठणकावून 'थांब' म्हणेल.

जयभीम.